कुत्र्याला जात कळत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही विद्वान माणूस नाही. सातवी झाल्यावर शाळा सुटली आणि पुढे सूतगिरणीच्या रिंग खात्यात आयुष्य गेलं. जे काही वाचलं ते रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत आणि याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून वाचलं. समितीची पोरं म्हणाली, "भाऊ, दरसाल तेच तेच विषय होतात. या टायमाला काहीतरी नवीन सांगा." म्हणून मी आज कुत्र्यांवर बोलणार आहे. हसू नका! रस्त्यावरच्या कुत्र्यांवर नाही, तर जंगली जनावरांची चोरटी विक्री पकडण्यासाठी जी कुत्री शिकवून तयार केली जातात, त्यांच्यावर. आता तुम्ही म्हणाल, भडगावच्या विहारात याचा काय संबंध? संबंध आहे. शेवटपर्यंत ऐका, मग सांगा.

सुरुवात गिरणीपासूनच करतो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या गिरणीत होतो तिचं नाव घेत नाही. एका रात्री स्टोअरमधून मोटारींची तांब्याची तार चोरीला गेली. कुलूप तोडलेलं होतं. सकाळी गेटवर गलका झाला आणि कोणी काही तपासायच्या आधीच सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. खात्यात झाडू मारणारा एक पारधी समाजाचा रोजंदारी माणूस होता. त्याला चौकीत नेऊन बसवला, दोन दिवस. तो एकच बोलायचा, "दादा, मी चोर नही शे." दुसऱ्या दिवशी पोलिसांचं कुत्रं आलं. त्याने तुटलेलं कुलूप हुंगलं, स्टोअरला एक फेरी मारली आणि सरळ मागच्या भिंतीकडे गेलं. भिंतीपलीकडे गाडीच्या चाकांचे ठसे होते, तिथे जाऊन थांबलं. त्या पारध्याच्या झोपडीकडे जाणारी वाट उजव्या हाताला होती, तिकडे त्याने मानही वळवली नाही.

आता खरं तर विषय संपायला पाहिजे होता. पण लोक काय म्हणाले? "कुत्रं चुकलं असेल." पुढे काही दिवसांनी माल एका भंगाराच्या गोदामात सापडला आणि नाव निघालं ते गिरणीतल्याच एका वरच्या माणसाचं. पारध्याला सोडलं, पण 'चुकलं बाबा आमचं' असं त्याला कोणीही म्हटलं नाही. तो बायकापोरं घेऊन गाव सोडून निघून गेला. आणि बंधूंनो, मी त्यावेळी युनियनचा कार्यकर्ता होतो. बोनससाठी गेटवर घसा फोडून घोषणा देत होतो, पण त्या दोन दिवसांत मी एक शब्द बोललो नाही. माझ्याही मनात होतं की असेल बुवा, पारधीच आहे. जातीचे चटके खाल्लेला मी, बाबासाहेबांचं नाव घेणारा मी, आणि माझ्यापेक्षा त्या मुक्या जनावराचा निवाडा सरळ निघाला. तेव्हापासून ही कुत्री माझ्या डोक्यात बसली. जिथे जिथे त्यांच्याबद्दल छापून आलं ते मी वाचत गेलो.

कुत्र्याचं नाक म्हणजे काय चीज आहे ते आधी समजून घेऊ. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या वर असतात. आपल्याला घरात वरणाला फोडणी दिल्याचा वास येतो. कुत्र्याला त्यातली मोहरी वेगळी, हिंग वेगळा, कढीपत्ता वेगळा कळतो, असं समजा. मुंबईत १९९३ साली बॉम्बस्फोट झाले, तेव्हा पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. २००० साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. आपल्यापैकी वयस्कर मंडळींना हे आठवत असेल.

हीच विद्या पुढे जंगलासाठी वापरायची ठरली. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नाही, हे २००५ साली उघड झालं आणि देशभर बोंब झाली. सगळे वाघ शिकाऱ्यांनी मारून विकले होते. त्यानंतर केंद्र सरकारने वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो उभा केला. आणि २००८ साली 'ट्रॅफिक' या वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाबरोबर मिळून वनखात्यासाठी कुत्री तयार करायला सुरुवात केली. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं कुत्र्यांचं शिक्षण केंद्र आहे, तिथे आणि पुढे भोपाळ व पंचकुला इथे हे शिक्षण झालं. जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉय या जातीची ही कुत्री. सात ते नऊ महिने शिक्षण चालतं. महाराष्ट्राच्या वनखात्यानेही अशी पथकं घेतली आणि विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत ती काम करू लागली.

शिकवतात कसं, ते मुलांनी नीट ऐका. मारून नाही शिकवत. पिल्लाला एखादा चेंडू किंवा टॉवेलची गुंडाळी फार आवडते. त्या खेळण्याला वाघाच्या कातड्याचा किंवा हाडाचा वास लावतात आणि ते लपवतात. पिल्लू वास धरून ते शोधतं. सापडलं की त्याला शाबासकी आणि खेळायला मिळतं. हळूहळू खेळणं काढून घेतात आणि नुसता वासाचा जिन्नस लपवतात. सापडला की त्याने भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, तिथे शांत बसायचं. कुत्रं बसलं म्हणजे माल इथे आहे. मग वाघ-बिबट्याचं कातडं, हाडं, हस्तिदंत, अस्वलाचं पित्त असे एकेक वास त्याला शिकवतात. प्रत्येक कुत्र्याला दोन माणसं नेमलेली असतात, एक मुख्य आणि एक मदतनीस. त्यांनीच त्याला खाऊ घालायचं, फिरवायचं, अंघोळ घालायची. कुत्र्याचा जीव त्यांच्यावर आणि त्यांचा कुत्र्यावर.

या कामालाही मर्यादा आहेत. जो वास शिकवलेला नाही तो कुत्रं दाखवणार नाही. सलग काम केलं की ते थकतं, थोड्या वेळाने विश्रांती द्यावीच लागते. आणि आपल्या खानदेशातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, आणि धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही. म्हणून आपल्यासारख्या मुलखात त्याचं काम पहाटे नाहीतर सांजेला.

आता हा व्यापार आपल्याकडे आहे का? उत्तरेला सातपुडा आहे, यावलचं अभयारण्य आहे. मुक्ताईनगरकडे वढोद्याच्या जंगलात वाघ आहे. दक्षिणेला चाळीसगाव-कन्नडच्या मधे गौताळा आहे. भुसावळ जंक्शनवरून इटारसीकडे एक लाईन जाते, नागपूरकडे एक, मुंबईकडे एक. धुळ्यावरून आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता जातो. इतकी जंगलं आणि इतके रस्ते जिथे आहेत तिथे चोरटा माल जाणारच. पण तुमच्या डोळ्यांपुढे लगेच वाघाचं कातडं येईल. तसं नाही. आपल्या घराजवळचा माल वेगळा आहे. मांडूळ, ज्याला आपण दुतोंड्या म्हणतो तो बिनविषारी साप. शेतातले उंदीर खातो बिचारा, कोणाला चावत नाही. पण तो गुप्तधन दाखवतो म्हणून त्याचे लाखांत सौदे होतात. दिवाळीच्या अमावस्येला घुबडं पकडतात. खवले मांजराचे खवले परदेशात औषध म्हणून जातात. मुंगसाच्या केसांचे ब्रश बनतात. आणि घोरपड.

घोरपडीचं मी घरचं उदाहरण देतो. माझा मुलगा दोन वर्षं नोकरीसाठी वणवण फिरत होता. तेव्हा घरच्यांनी एका जत्रेतून पाचशे रुपयांना 'हत्थाजोडी' आणली. शेंदूर लावलेल्या डबीत दोन जोडलेल्या हातांसारखी काळी मुळी. विकणारा म्हणाला, जंगलातल्या दुर्मिळ झाडाची मुळी आहे, ठेवा, घरात बरकत येईल. मला कळू नये म्हणून डबी धान्याच्या कोठीमागे ठेवलेली होती. मी बावीस प्रतिज्ञा गावभर सांगत फिरतो आणि माझ्याच कोठीमागे शेंदराची डबी! पुढे २०१७ च्या सुमारास पेपरात आलं की हत्थाजोडी ही मुळी नाहीच. ते नर घोरपडीचं कापून वाळवलेलं जननेंद्रिय आहे. जिवंत घोरपडीला पकडून, जाळून, कापून ते काढतात. मी घरात ते मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही. जरा वेळाने सौ. उठली आणि तिने डबी आणून माझ्यापुढे ठेवली. तिचे हात थरथरत होते. ती म्हणाली, "आपण पैसे दिले म्हणूनच त्यांनी मारलं ना?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि घोरपडीला त्यात वाघाइतकंच, पहिल्या परिशिष्टातलं संरक्षण आहे. त्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. ती डबी मी वनखात्याच्या माणसाकडे नेऊन दिली. जाताना पाय लटपटत होते, खोटं कशाला बोलू. पण विचार करा, त्या दिवसांत एखादं शिकवलेलं कुत्रं आमच्या गल्लीतून गेलं असतं तर कुठे बसलं असतं? पारध्याच्या पालापुढे नाही. कार्यकर्त्याच्या दारात बसलं असतं!

आता मूळ मुद्द्यावर येतो. या धंद्यात पकडला कोण जातो आणि सुटतो कोण? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात जमातीच्या जमाती जन्मानेच चोर ठरवून टाकल्या. पोर जन्माला आलं की त्याचं नाव पोलिसांच्या वहीत. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण कागदावरून गेलं तरी डोक्यातून कुठे गेलं? आजही जंगलात फासा सापडला की पहिली धाड पालावर पडते. फासा लावणारे काही लोक त्या समाजांतले असतात, हे मी नाकारत नाही. पिढ्यान् पिढ्या शिकारीवर जगलेल्या माणसाची शिकार बंद केली, आणि त्याला जमीन दिली नाही, शाळा दिली नाही, तर त्याचा फायदा घेणारा कोणीतरी येणारच. पण फासा लावणाऱ्याला मिळतात थोडे पैसे. खरा पैसा वरती असतो.

दिल्लीचा संसारचंद हे त्याचं उदाहरण. हा काही जंगलात राहणारा माणूस नव्हता, व्यापारी होता. २००५ साली पकडला गेल्यावर त्याने सीबीआयपुढे सांगितलं की त्याने ४७० वाघांची आणि २१३० बिबट्यांची कातडी नेपाळ आणि तिबेटच्या मोजक्या चार गिऱ्हाइकांना विकली. आकडा परत ऐका, ४७० वाघ. एका माणसाने! १९७४ सालापासून पोलिसांना त्याचं नाव माहीत होतं, तरी त्याचा धंदा तीस वर्षं चालला. २०१४ साली तो मेला. आपल्या मेळघाटातही २०१३ साली ढाकणा भागात वाघाची शिकार झाली. तपासाचे धागे मध्य प्रदेशातल्या कटनीला गेले आणि तिथून दिल्लीच्या खरेदीदारापर्यंत पोचले. त्यावेळी तपास करणारे फासा लावणाऱ्यापाशी थांबले नाहीत, पैशाच्या मागे गेले, म्हणून ते झालं.

इथेच मला या कुत्र्यांचं मोल वाटतं. कुत्रं आडनाव विचारत नाही. समोर पाल आहे की बंगला, एसटीतली पिशवी आहे की एसी डब्यातली सूटकेस, याच्याशी त्याला घेणं नाही. वास आहे तिथे ते बसतं. माणसाने माणसाला चवदार तळ्याचं पाणी पिऊ दिलं नाही, तिथे कुत्र्या-मांजरांना मनाई नव्हती, म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जावं लागलं. ज्या जनावराची उपमा देऊन आपल्या बापजाद्यांना हिणवलं गेलं, ते जनावर भेदभाव करत नाही.

पण थांबा. इतकं सोपंही नाही. साखळीच्या एका टोकाला कुत्रं असलं तरी दुसऱ्या टोकाला माणूसच असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मादक पदार्थ आणि स्फोटकं शोधणारी १८ कुत्री त्यांच्या माणसांसह एका चर्चच्या इमारतीत नेली. माणसांना सांगितलं की इथे वास लपवलेला आहे आणि काही ठिकाणी लाल कागदाची खूण आहे. खरं तर तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. तरी माणसांनी दोनशेच्या वर वेळा सांगितलं की आमच्या कुत्र्याने माल दाखवला. आणि जिथे लाल कागद होता तिथे जास्त वेळा! म्हणजे माणसाच्या मनात जे आधीच होतं, ते साखळीतून कुत्र्यापर्यंत पोचलं. नाहीतर कुत्र्याने न सांगितलेलं माणसाने ऐकलं. आता आपल्याकडे लाल कागद कोणाच्या दारावर लावलेला आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात अर्धशतकापूर्वी हे ओळखलं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून माणसाचं स्वातंत्र्य नुसत्या कुत्र्याच्या वागण्यावर टांगता येणार नाही. हे बरोबर आहे. कुत्रं बसलं याचा अर्थ इथे शोधा, एवढाच. शोधल्यावर माल सापडला पाहिजे, पंचनामा झाला पाहिजे, प्रयोगशाळेने तो वाघाचा की घोरपडीचा हे सांगितलं पाहिजे. मग कोर्ट. कुत्रं बसलं आणि काही सापडलं नाही, तर माणसाला सोडलं पाहिजे, मग तो कोणत्याही समाजाचा असो.

आपल्या जातकांमध्ये कुक्कुर जातक नावाची गोष्ट आहे. ती भन्तेजींनी अनेकदा सांगितली असेल, मी थोडक्यात सांगतो. वाराणसीचा राजा रथातून बागेत जाऊन आला. रथ रात्री अंगणात उघड्यावर राहिला आणि पावसाने त्याचं कातडी साज भिजलं. वाड्यातल्या पाळीव कुत्र्यांनी ते खाऊन टाकलं. नोकरांनी राजाला सांगितलं की बाहेरची कुत्री मोरीतून आत आली आणि त्यांनी खाल्लं. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रं मारा. मात्र वाड्यातली कुत्री सोडून! गावात कत्तल सुरू झाली. उरलेली कुत्री स्मशानात बोधिसत्वाकडे गेली. त्या जन्मी बोधिसत्व कुत्र्यांचा पुढारी होता. तो एकटा राजवाड्यात गेला आणि राजाला विचारलं की महाराज, कोणी खाल्लं हे तुम्ही पाहिलं का? नाही पाहिलं, मग वाड्यातली कुत्री का वगळली? हा न्याय झाला की दुबळ्यांची कत्तल? मग त्याने ताक आणि दर्भाचं गवत मागवून वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावलं. त्यांनी ओकारी केली आणि कातड्याचे तुकडे बाहेर पडले. राजा शरमला.

अडीच हजार वर्षं जुनी परंपरा आहे आपली, आणि तिने आधी पुरावा मागितला. बोधिसत्वाने असं म्हटलं नाही की वाड्यातल्या कुत्र्यांना मारा. त्याने एवढंच म्हटलं की सगळ्यांना सारखं तपासा. गिरणीच्या गेटवर त्या दिवशी मी एवढंच बोलायला पाहिजे होतं.

शेवटी तीन गोष्टींची विनंती करतो. एक, कोणाच्याही घरात हत्थाजोडी, कोल्ह्याचं शिंग म्हणून विकलेली वस्तू, वाघनख, मोराची नाहीतर घुबडाची काही चीज असेल, तर लपवून ठेवू नका, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन वनखात्याला द्या आणि पुन्हा आणू नका. पहिलं शील रोज तोंडाने म्हणायचं आणि दुसऱ्याने मारलेलं पैसे देऊन घ्यायचं, हे चालणार नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले. तो कायदा आपल्या कोठीमागेही लागू आहे. दोन, गिरणा काठाला नाहीतर शेतात कोणी मांडूळ, घोरपड पकडताना दिसला तर वनखात्याला कळवा. मारहाण करू नका, फोटो काढून गावभर फिरवू नका. आणि तीन, गावात चोरी झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकदम एकाच वस्तीचं नाव आलं, तर आपल्यापैकी एकाने तरी उभं राहून विचारायचं, "पाहिलं कोणी?"

तो पारधी भाऊ आज कुठे आहे मला ठाऊक नाही. तो इथे नाही, म्हणून त्याची माफी मी तुमच्यासमोर मागतो. माझं बोलणं लांबलं, चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घ्या. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!